जुना एक्स-रे वेळेवर सापडला तर...

"याआधी कधी फोटो काढला होता काय?" दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतात. आपल्याकडे एक्स-रेला अजूनही 'फोटो' असेच म्हणतात. या प्रश्नाला मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. "काढला होता साहेब, पण घरीच राहिला." "तो नागपूरच्या दवाखान्यातच ठेवून घेतला." "मागच्या पावसाळ्यात भिजला, मग टाकून दिला." डॉक्टर मान हलवतात आणि नवीन एक्स-रे किंवा सी.टी. स्कॅनची चिठ्ठी लिहून देतात. पुन्हा खर्च, पुन्हा रांग आणि पुन्हा तेवढेच किरण अंगावर.

वाचकहो, गंमत अशी की तुमचा जुना फोटो बहुधा कुठेतरी सुखरूप असतो. अलीकडच्या काळात काढलेले चित्र फिल्मवर छापण्यापूर्वी संगणकात साठवलेले असते. प्रश्न असतो तो शोधण्याचा. लाखो चित्रांच्या ढिगातून नेमके तुमचेच चित्र कसे काढतात, ते कधी सापडत नाही आणि त्यात आपली जबाबदारी कोणती, याची माहिती आजच्या लेखात घेऊ.

जुन्या चित्राचे मोल

समजा, साठीच्या एका शेतकऱ्याला महिनाभर खोकला आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला वर एक डाग दिसतो. हा डाग नव्या क्षयरोगाचा की वीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा वण? नुसता आजचा एक्स-रे पाहून पुष्कळदा सांगता येत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेमध्ये तोच डाग तेवढाच आणि तिथेच असेल, तर तो जुना वण असण्याची शक्यता खूप वाढते. पूर्वी तिथे काहीच नव्हते असे दिसले, तर डॉक्टर लगेच सावध होतात. थुंकीची तपासणी दोन्ही वेळा करावीच लागते, कारण नुसत्या एक्स-रेवरून क्षयरोगाचे पक्के निदान होत नाही. पण पुढची पावले किती घाईने टाकायची, हे जुन्या चित्रावरून ठरते.

फुप्फुसातील लहान गाठीचेही असेच आहे. सी.टी. स्कॅनमध्ये दिसलेली घट्ट गाठ दोन वर्षांत मुळीच वाढली नसेल, तर ती बहुधा साधी समजतात. वाढली असेल, तर तिचा तुकडा काढून तपासण्याचा विचार होतो. म्हणजे सुई टोचायची की नाही, एवढा मोठा निर्णय कधीकधी एका जुन्या चित्रावर अवलंबून असतो.

दुसरा मुद्दा किरणांचा. निसर्गातून, म्हणजे माती, दगड, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षभरात मिळणाऱ्या किरणांची जागतिक सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. छातीच्या एका एक्स-रेचे प्रमाण ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते, म्हणून त्याची भीती बाळगू नये. पोटाच्या सी.टी. स्कॅनचे प्रमाण मात्र साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट, म्हणजे तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढे असते. गरज असेल तेव्हा ते जरूर करावे. पण आधीचे सापडले नाही एवढ्याच कारणासाठी दुसऱ्यांदा करणे बरे नव्हे. सोनोग्राफी आणि एम.आर.आय. या तपासण्यांत असे किरण नसतात, तिथे वाया जातो तो पैसा आणि वेळ.

फिल्मपासून संगणकापर्यंत

जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यानंतर कित्येक दशके एक्स-रे म्हणजे काळी फिल्म हेच समीकरण होते. १९७१ साली लंडनजवळच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. स्कॅन झाले, आणि चित्र तयार करण्याचे काम संगणकाकडे गेले.

मग एक वेगळीच अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्या भाषेत चित्र साठवू लागले. एका कंपनीच्या यंत्राचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडेना. म्हणून अमेरिकेत क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि विद्युत उपकरणे बनविणाऱ्यांची संघटना १९८३ साली एकत्र बसल्या. १९८५ मध्ये त्यांनी पहिला नियमसंच काढला, १९८८ मध्ये दुसरा. १९९३ पासून त्याला 'डायकॉम' हे नाव मिळाले. आज एक्स-रे, सी.टी., एम.आर.आय., सोनोग्राफी आणि स्तनांची मॅमोग्राफी ही सर्व चित्रे बहुतेक जगभर याच पद्धतीने साठवली जातात. भारत सरकारने २०१३ साली संगणकीय आरोग्यनोंदींची मानके जाहीर केली व २०१६ साली ती सुधारली. त्यातही वैद्यकीय चित्रांसाठी डायकॉमचीच निवड आहे.

चित्राला चिकटलेली चिठ्ठी

आपल्या भागातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या गोदामात रुईच्या गाठी रचलेल्या असतात. वरून पाहिले तर सगळ्या सारख्याच. पण प्रत्येक गाठीवर खूण आणि क्रमांक घातलेला असतो, म्हणून कोणती गाठ कोणत्या लॉटमधली ते कळते. खूण पुसली की गाठ तीच असून हिशेबातून गेली. डायकॉमचे नेमके असेच आहे.

डायकॉम चित्राच्या प्रत्येक फाईलला आतूनच एक चिठ्ठी चिकटलेली असते. चिठ्ठीत रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, लिंग, तपासणीची तारीख, यंत्राचा प्रकार, शरीराचा भाग अशा कितीतरी नोंदी असतात. प्रत्येक नोंदीला जगभर एकच अंक ठरलेला आहे. उदाहरणार्थ, रुग्णाच्या नावाचा अंक ००१०-००१० आणि रुग्णाच्या क्रमांकाचा ००१०-००२०. त्यामुळे जपानमध्ये बनलेल्या यंत्राची चिठ्ठी वर्ध्यातल्या संगणकालाही वाचता येते.

या नोंदींची रचना समजायला सातबारा आठवा. आधी तालुका, मग गाव, मग गट क्रमांक आणि त्याखाली पोटहिस्सा. इथेही चार पायऱ्या आहेत. सर्वांत वर रुग्ण. त्याखाली तपासणी, म्हणजे अमुक तारखेचे छातीचे सी.टी. स्कॅन. त्याखाली मालिका, म्हणजे त्याच स्कॅनमधला फुप्फुसांसाठी एक संच, हाडांसाठी दुसरा संच. आणि सर्वांत खाली एकेक चित्र. तपासणी, मालिका आणि चित्र यांना प्रत्येकी एक लांबलचक क्रमांक मिळतो. नियमाप्रमाणे तो जगात पुन्हा दुसऱ्या कशाला देता येत नाही.

शोध कसा घेतला जातो?

मोठ्या रुग्णालयांत ही सारी चित्रे एका मध्यवर्ती साठ्यात ठेवतात. त्याला 'पॅक्स' म्हणतात. एका सी.टी. स्कॅनमध्ये किती माल असतो याचा हिशेब पाहा. एक चित्र ५१२ ओळी आणि ५१२ स्तंभांचे, म्हणजे २ लाख ६२ हजार १४४ ठिपक्यांचे. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले, तर एका चित्राला अर्धा एम.बी. लागतो. चारशे चित्रांचे स्कॅन झाले तर २०० एम.बी. असे रोज कितीतरी रुग्ण. या साठ्यात एकेक फाईल उघडून शोधायचे म्हटले, तर गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे होईल.

म्हणून शोध दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात संगणक साठ्याला फक्त विचारतो : "अमुक नोंदणी क्रमांकाचा रुग्ण, यंत्र सी.टी., तारीख १ जानेवारी २०२० ते ३१ डिसेंबर २०२४ यांच्या दरम्यान. काय काय आहे?" उत्तरात चित्रे येत नाहीत, नुसती यादी येते. या टप्प्याला 'सी-फाइंड' असे नाव आहे. यादीतून हवी ती तपासणी निवडली की दुसऱ्या टप्प्यात तेवढीच चित्रे मागवली जातात. त्याला 'सी-मूव्ह' किंवा 'सी-गेट' म्हणतात. किराणा दुकानात आधी "तूरडाळ कोणकोणती आहे?" असे विचारावे आणि मग एकच पोते उतरवून घ्यावे, तसा हा व्यवहार आहे.

हे काम करण्यासाठी संगणकतज्ज्ञ 'लायब्ररी' वापरतात. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. तयार आज्ञांच्या संचाला संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणतात. सुताराला दर वेळी नवी करवत घडवावी लागत नाही, हत्यारांच्या पेटीतून ती काढली की काम सुरू होते. तसेच हे. 'पायथन' या संगणकभाषेसाठी डार्सी मेसन यांनी २००८ च्या सुमारास 'पायडायकॉम' नावाची लायब्ररी सुरू केली. ती चिठ्ठी वाचते, दुरुस्त करते आणि चित्रही उघडते. तिचे भावंड 'पायनेटडायकॉम' साठ्याशी बोलून यादी आणि चित्रे मागवते. बेल्जियममधील लिएज विद्यापीठ रुग्णालयात सेबास्तियाँ जोडोन यांनी 'ऑर्थँक' हा छोटा साठाच तयार करून २०१२ साली सर्वांसाठी खुला केला. या तिन्हींना पैसे पडत नाहीत. अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही त्या शिकता येतील.

पायडायकॉममध्ये एक फार उपयोगी सोय आहे. 'चित्र उघडू नकोस, फक्त चिठ्ठी वाच' अशी आज्ञा तिला देता येते. चित्राचा बोजा उचलावा लागत नसल्याने हजारो फायली भराभर चाळून होतात. मग गाळणी लावायची : यंत्र सी.टी. असेल तेच ठेव, छातीचेच ठेव, मूळ चित्रेच ठेव. या शेवटच्या अटीला महत्त्व आहे. स्कॅनबरोबर दिशा ठरविण्यासाठी घेतलेले चित्र, किरणांच्या मात्रेचा तक्ता, नंतर तयार केलेली चित्रे असेही पुष्कळ काही साठते. ते वेगळे काढले नाही तर धान्यात खडे राहतात.

गाळणी चिठ्ठी वाचते, माणूस नाही

वाचकहो, आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. संगणक कितीही वेगवान असला, तरी गाळणी लावताना तो चित्राकडे पाहत नाही, चिठ्ठीकडे पाहतो. चिठ्ठीत जे लिहिले तेच त्याच्या लेखी खरे. आणि चिठ्ठीतील पहिल्या तीन-चार नोंदी कुठून येतात? दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवरून! तिथे रांगेत उभे राहून आपण घाईघाईने जे सांगतो आणि पलीकडचा कर्मचारी घाईघाईने जे टाइप करतो, तेच पुढे वर्षानुवर्षे त्या चित्राचे नाव बनते.

आपल्याकडील नावे पाहा. एकच गृहस्थ एका दवाखान्यात 'नामदेव', दुसऱ्यात 'नामदेवराव'. आडनाव कुठे 'वानखेडे', कुठे 'वानखडे'. इंग्रजीत लिहिताना 'व' साठी कुणी 'डब्ल्यू' घेतो, कुणी 'व्ही'. बायकांचे तर विचारूच नका. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव आले आणि कधी 'सुमन'ची 'सुमनबाई' झाली. डायकॉममध्ये आडनाव, नाव आणि मधले नाव यांचे रकाने वेगवेगळे आहेत. आपण मात्र कधी नाव आधी सांगतो, कधी आडनाव. माणसाला हे सगळे एकच वाटते, संगणकाला हे चार वेगवेगळे रुग्ण वाटतात.

फार कशाला, आपल्या गावाचेच नाव घ्या. रोमन लिपीत 'सेलू' कुणी शेवटी 'यू' घालून लिहितो, कुणी दोन 'ओ' घालून. त्यात परभणी जिल्ह्यातही सेलू नावाचा तालुका आहे. पत्त्यावरून गाळणी लावली तर इकडचा रुग्ण तिकडे आणि तिकडचा इकडे!

वयाचेही तसेच. "वय किती?" "असेल साठ-पासष्ट." झाले, साठ लिहिले. दोन वर्षांनी पुन्हा गेले की पुन्हा साठच. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत घातलेली १ जून किंवा १ जुलै, नाहीतर १ जानेवारी. एकाच नावाची आणि एकाच 'शाळेच्या' जन्मतारखेची दोन माणसे एका तालुक्यात सापडणे मुळीच अशक्य नाही. यातला खरा धोका चित्र न सापडण्याचा नाही, दुसऱ्याचेच चित्र सापडण्याचा आहे. शेजारच्या नामदेवरावांचा जुना स्वच्छ एक्स-रे आपला म्हणून पाहिला गेला, तर आपल्या फुप्फुसातला जुना वण डॉक्टरांना नवा रोग वाटेल.

यावर लायब्ररीत काही उपाय आहेत. नाव विचारताना शंकेच्या अक्षराजागी तारा किंवा प्रश्नचिन्ह टाकता येते. म्हणजे 'वानख' नंतर काहीही असले तरी चालेल, असे सांगता येते. मग यादी मोठी येते आणि जन्मतारीख, लिंग व तपासणीची तारीख पाहून माणसाने ती पारखायची असते. नाव देवनागरीतच साठवण्याची सोयही डायकॉमच्या नियमांत आहे. पण सर्वांत खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे नोंदणी क्रमांक.

यंत्रावर काम करणाऱ्यांकडूनही चुका होतात. जर्मनीतील आखेन येथील संशोधकांनी २००२ साली एक्स-रे चित्रांच्या चिठ्ठ्या तपासल्या. 'शरीराचा भाग' या रकान्यात सुमारे १५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. कारण साधे आहे. घाईत आधीच्या रुग्णासाठी निवडलेला कार्यक्रम तसाच राहतो आणि गुडघ्याचे चित्र मनगटाच्या नावाने साठते. म्हणून जाणकार माणूस केवळ एका रकान्यावर विसंबून गाळणी लावत नाही. दोन-तीन रकाने ताडून पाहतो आणि शेवटी काही चित्रे उघडून डोळ्यांनी खात्री करतो.

आजकाल एक्स-रे पाहून क्षयरोगाची शंका दाखविणारे संगणक कार्यक्रमही निघाले आहेत. मुंबईतील 'क्युअर डॉट ए.आय.' ही २०१६ साली स्थापन झालेली कंपनी अशांपैकीच एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचपणीसाठी अशा कार्यक्रमांच्या वापरास मान्यता दिली. हे कार्यक्रम हजारो जुन्या चित्रांवरून शिकतात. ती चित्रे निवडताना गाळणी चुकली, तर कार्यक्रम चुकीचेच शिकणार. जसे बियाणे तसे पीक.

आपल्या तालुक्याची अडचण

सेलू हे वर्धा आणि नागपूर यांच्यामधल्या रस्त्यावरचे गाव. साध्या दुखण्याला गावातले डॉक्टर किंवा ग्रामीण रुग्णालय. दुखणे वाढले की कुणी पवनारवरून वर्धा, सेवाग्राम किंवा सावंगीला जातो, तर कुणी केळझर-बुटीबोरीच्या वाटेने नागपूर गाठतो. दोन्हीकडे सोय आहे, हे आपले भाग्य. पण त्यामुळे एकाच माणसाची चित्रे चार ठिकाणी विखुरतात, आणि प्रत्येक ठिकाणचा नोंदणी क्रमांक वेगळा असतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने रुग्णनोंदींचे संगणकीकरण 'सी-डॅक' या सरकारी संस्थेच्या साहाय्याने पुष्कळ वर्षांपूर्वीच केले आहे. पण एका रुग्णालयाचा साठा आपोआप दुसऱ्या रुग्णालयाला दिसत नाही, आणि संमतीवाचून तो दिसूही नये.

ही विखुरलेली माहिती जोडण्यासाठी केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. रुग्णाने संमती दिली, तर या क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात. अर्थात त्यासाठी त्या त्या दवाखान्याने नोंदी जोडलेल्या असाव्या लागतात. तोवर आपली कागदपत्रे आपणच जपणे शहाणपणाचे.

सापडणे सोपे, तसे चोरणेही

चांगला साठा ओळखीच्या संगणकालाच उत्तर देतो. अनोळखी संगणकाने यादी मागितली की तो नकार देतो. पण कुलूपच लावले नसेल तर? जर्मनीतील 'ग्रीनबोन' या संगणक-सुरक्षा कंपनीने २०१९-२० मध्ये जगभरातले असे उघडे साठे शोधून काढले. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाहणीत भारतातील १२ कोटींहून अधिक चित्रे कोणत्याही संकेतशब्दाविना इंटरनेटवर पाहता येत असल्याचे आढळले. त्यात रुग्णांची नावे व जन्मतारखाही होत्या. दुःखाची गोष्ट अशी की या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक सर्वांत वरचा होता. जी चिठ्ठी डॉक्टरांना उपयोगी, तीच वाईट माणसाच्याही हाती लागू शकते.

म्हणून संशोधनासाठी चित्रे देताना चिठ्ठीतील नाव, क्रमांक, जन्मतारीख पुसून टाकावे लागते. डायकॉमच्या नियमांत काय काय पुसावे याची मोठी यादीच दिली आहे. पण तेवढ्यानेही भागत नाही. सोनोग्राफीच्या चित्रात रुग्णाचे नाव पुष्कळदा चित्रावरच उमटलेले असते, ते चिठ्ठी पुसून जात नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या (आपल्या नागपूरचे 'मेयो' नव्हे) संशोधकांनी २०१९ साली ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एम.आर.आय. चित्रांवरून चेहरे तयार केले आणि छायाचित्रांशी ताडून पाहिले. ८४ पैकी ७० जणांची ओळख पटली! आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला, तो अशाच काळजीपोटी.

आपण काय करावे?

१) नोंदणीच्या खिडकीवर आधार कार्डावर जसे आहे तसेच पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा. शक्य तर कार्डच दाखवा. आडनाव कोणते आणि नाव कोणते, ते स्पष्ट सांगा.

२) पहिल्यांदा मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवा व दर वेळी तोच सांगा. "नवीन की जुने?" असे विचारल्यावर चिठ्ठी हरवली म्हणून "नवीन" सांगू नका. त्यामुळे तुमचा इतिहास दोन तुकड्यांत मोडतो.

३) तपासणी झाल्यावर फिल्म किंवा पावतीवरील नाव, वय व बाजू (उजवी-डावी) तिथेच वाचून पाहा. चूक असेल तर लगेच सांगा. वाचता येत नसेल तर सोबतच्या शिकलेल्या मुलाला वाचायला लावा.

४) सी.टी. किंवा एम.आर.आय.ची सी.डी. मागून घ्या. तिच्यात मूळ डायकॉम चित्रे असतात. मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो ही तिची जागा घेऊ शकत नाही. सी.डी.वर चरे पडतात, म्हणून तिची नक्कल पेनड्राइव्हवर करून ठेवा.

५) आजच्या अनेक फिल्म उष्णतेने काळ्या पडतात. टिनाच्या छपराखाली, चुलीजवळ किंवा उन्हात त्या ठेवू नका. त्यांना गरम लॅमिनेशन मुळीच करू नका.

६) घरात प्रत्येक माणसाची एक वेगळी पिशवी ठेवा. पिशवीवर नाव, आणि आत फिल्म, अहवाल व सी.डी. तारखेप्रमाणे. दवाखान्यात जाताना ती पिशवी बरोबर असू द्या.

७) अहवाल आणि चित्रे गावच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकू नका. डॉक्टरांना पाठवायची असतील तर त्यांनाच पाठवा.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

दवाखाना जुन्या नोंदी किती दिवस ठेवतो? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्यास ७२ तासांच्या आत त्या द्यायला हव्यात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. तीन वर्षांनंतर साठा पुसला जाऊ शकतो, म्हणून आपली प्रत वेळीच घ्यावी.

जुना अहवाल आहे, चित्र नाही. चालेल काय? अहवाल नसण्यापेक्षा असलेला बरा. पण 'लहान गाठ' असे शब्द आणि प्रत्यक्ष गाठ यांत फरक असतो. गाठ वाढली की नाही हे ठरवायला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मोजावी लागतात.

जुना एक्स-रे आहे म्हणून नवा काढायला नकार द्यावा काय? मुळीच नाही. रोग बदलतो, तेव्हा नवे चित्र लागतेच. आपण एवढेच विचारावे : "डॉक्टरसाहेब, आधीचा आहे, तो पाहून घेता काय?" गर्भवती भगिनींनी, किंवा तशी शक्यता असेल तर, एक्स-रे वा सी.टी.पूर्वी डॉक्टरांना आणि यंत्रावरील कर्मचाऱ्याला आवर्जून सांगावे.

यंत्रे लाखोंची असोत की कोटींची, ती शोधतात ते आपण सांगितलेल्या नावानेच. तेव्हा पुढच्या वेळी नोंदणीच्या खिडकीपाशी दोन मिनिटे जास्त लागली, तर मागच्यांनी कुरकुर करू नये आणि आपणही घाई करू नये. नाव, जन्मतारीख आणि जुना क्रमांक, या तीन गोष्टी नीट सांगितल्या की तपासणीचे पहिले काम तिथेच चोख होते.